बोंबलाचा काटा

तो उभ्याने वाचायचा. लालबागच्या एका जुन्या वाचनालयात रस्त्याच्या बाजूला खिडकी होती. तिचा गज डाव्या हाताने धरायचा, पाठ शेजारच्या खांबाला टेकवायची आणि उजव्या हातात पुस्तक उघडं धरून दीड-दोन तास तसंच उभं राहायचं, ही त्याची वाचायची रीत. समोर चार खुर्च्या रिकाम्या असत. ग्रंथपाल बाई सुरुवातीला म्हणायच्या, अहो, बसा की. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "बसून वाचतात ते पॅसेंजर."

तो बसमध्ये कंडक्टर होता. सगळी नोकरी उभ्याने झालेली. पान उलटायची वेळ आली तरी गजावरचा हात सुटत नसे. उजव्या अंगठ्यानेच तो पान सरकवायचा. खिडकी हलत नव्हती, इमारत कुठे वळणार नव्हती, पण त्याच्या पायांना ते पटत नसावं. कथानकाने एखादं मोठं वळण घेतलं की तो खरोखरच गज जास्त घट्ट धरायचा, असं बाई शपथेवर सांगायच्या.

त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, तसंच कादंबरीकारांचंही. मी स्वतः गिरगावातल्या एका छापखान्यात आयुष्यभर मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या पुस्तकातल्या चुका काढणं हा माझा धंदा. स्वतःची एक चूक दुरुस्त करायला मात्र मला फार वर्षं लागली, आणि तीही अर्धीच झाली. उरलेली अर्धी आता करतो आहे.

कंडक्टर मला भेटला त्याआधी त्याची कार्डं भेटली. आमचे कादंबरीकार गिरणगावावर लिहायचे. चाळी, साचे, बदली कामगार, कोकणातून आलेल्या बायका, त्यांची भांडणं, त्यांच्या खाणावळी. स्वतः काळाचौकीत वाढलेले, त्यामुळे लिहिलेलं सगळं अंगावरून गेलेलं. त्यांचं नवं पुस्तक निघालं की पंधरा दिवसांच्या आत छापखान्याच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड यायचं. निळी शाई, बारीक अक्षर, स्तुतीचा एक शब्द नाही. "पान ८४ वर सखूबाई गिरणीच्या दारात उभी आहे, तो मंगळवार. पान ९१ वर तोच दिवस बुधवार झाला आहे. बाकी सर्व बरोबर." खाली नाव, आणि नावापुढे स्वल्पविराम देऊन 'बस कंडक्टर'.

हे 'बाकी सर्व बरोबर' कादंबरीकारांना कुठल्याही पुरस्कारापेक्षा प्रिय होतं. पुस्तक बाजारात गेलं की ते छापखान्यात येऊन आधी मला विचारायचे, "काय रे, कंडक्टरचं कार्ड आलं का?" कार्ड आलं की चष्मा पुसून दोनदा वाचायचे. मंगळवारचा बुधवार कसा झाला म्हणून मग मला बोलणी खावी लागायची. उत्तरही ते मलाच सांगायचे आणि मी लिहून घ्यायचो, कारण त्यांचं अक्षर पोस्टमनला लागत नसे. ते खाली फक्त सही करायचे. ही पद्धत लक्षात ठेवावी, पुढे तिचाच मी गैरफायदा घेतला.

कंडक्टर पहिल्यांदा समोर आला तो एक सदोष प्रत घेऊन. बांधणीत घोळ झाला होता. सोळा पानांचा एक फर्मा दोनदा लागलेला आणि पुढचा गायब. दुसरा कुणी असता तर दुकानात जाऊन प्रत बदलून घेतली असती. हा ड्यूटी संपल्यावर, खाकी कपड्यांतच, थेट छापखान्यात आला आणि टेबलावर पुस्तक ठेवून म्हणाला, "गाडी चिंचपोकळीला दोनदा थांबली आणि परळला थांबलीच नाही."

मला समजायला जरा वेळ लागला. मग हसू आलं. मी त्याला गायब असलेला फर्मा काढून दिला. तो त्याने तिथेच, उभ्यानेच, माझ्या कपाटाची कडी धरून वाचून काढला. वाचून झाल्यावर म्हणाला, आता बरं वाटलं, परवापासून जीव टांगणीला होता. मी कोण, काय करतो ते त्याने विचारून घेतलं आणि त्या दिवसापासून मी 'प्रूफसाहेब' झालो.

मग महिन्या-दोन महिन्यांनी चक्कर असायची. येताना वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एखादं पुस्तक काखेत असायचंच. त्याच्या पुस्तकांवर दोन प्रकारच्या खुणा असत. पुस्तक अर्ध्यात सोडलं की जिथे सोडलं तिथे समासात पेन्सिलीने लिहायचं, 'इथे उतरलो'. आणि पुस्तक शेवटपर्यंत वाचलं की शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात तिकिटाला मारतात तसा पंच मारायचा. डेपोतून भंगारात निघालेला एक पंच त्याने मागून आणला होता, तो त्याच्या खिशात कायम असे. मोठमोठ्या लेखकांच्या पुस्तकांतून हा कंडक्टर विसाव्या, तिसाव्या पानाला उतरलेला मी पाहिला आहे. एकदा मी म्हटलं, अहो, निदान शंभर पानं तरी बघावं. तो म्हणाला, "रस्ता चुकलाय हे कळल्यावर मी बसून कशाला राहू? तिकीट काढलंय म्हणून?"

आमच्या कादंबरीकारांच्या बाराही पुस्तकांना मात्र शेवटच्या पानावर भोक होतं. तो त्यांना 'आमचा माणूस' म्हणायचा. आमच्या माणसाचं नवीन कधी येतंय? आमच्या माणसाची तब्येत कशी आहे? नवं पुस्तक येणार त्या दिवशी तो रजा टाकायचा. अर्जात कारण लिहायचा 'घरगुती'. डेपोतल्या लोकांना ते पाठ झालं होतं. सकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून दुकान उघडायच्या आधी दारात. त्याची बायको तेव्हा होती. ती शेजारणींना सांगायची, आज ह्यांच्या घरी बारसं आहे.

त्याला नोकरीत एकदाच मेमो मिळाला, तोही आमच्या माणसापायी. ही गोष्ट त्याने स्वतः मला सांगितली, आणि अभिमानाने सांगितली. एक गृहस्थ दादरला चढला, लालबागचं तिकीट काढलं आणि पिशवीतून कादंबरी काढून वाचायला लागला. कंडक्टरने लांबूनच मुखपृष्ठ ओळखलं. जवळ जाऊन पाहिलं तर गृहस्थ शेवटच्या प्रकरणात. लालबाग आलं तेव्हा चार पानं उरली होती. कंडक्टरने स्टॉपचं नाव पुकारलंच नाही, आणि पाठीने दार अडवून गाडी सोडायच्या दोन घंट्या मारल्या. गृहस्थाने मान वर केली तेव्हा गाडी शेवटच्या स्टॉपावर उभी होती. त्याने आकाशपाताळ एक केलं, तक्रार नोंदवली. साहेबांनी बोलावून विचारलं, तर याचं म्हणणं, चार पानं राहिली होती, त्यात म्हातारी मुलाला भेटते. तिथे माणसाला लालबागला उतरवणं मला जमलं नाही. मेमोच्या कागदाची घडी त्याने त्याच कादंबरीत, त्याच चार पानांत जपून ठेवली होती.

असा माणूस. मी त्याचं काय केलं, ते आता सांगतो.

तेराव्या कादंबरीची अकरा प्रकरणं लिहून झाली आणि आमचे कादंबरीकार थांबले. आधी आम्हाला वाटलं, नेहमीसारखे रेंगाळलेत. पण एकदा मी पहिल्या प्रकरणाची मुद्रितं घेऊन गेलो, तर त्यांनी दोन पानं वाचून मला विचारलं, "छान आहे रे. कोणाचं आहे?" थट्टा करतायत असं समजून मी हसलो. हसताना त्यांच्या पत्नींकडे लक्ष गेलं. त्या हसत नव्हत्या.

पुढच्या काही महिन्यांत नावं गेली. पात्रांची, मग माणसांची. एकच गोष्ट जात नव्हती. रोज सकाळी पत्नीला विचारायचे, पुस्तक कुठवर आलं? त्यांच्या पत्नी आणि प्रकाशक असे दोघं एक दिवस माझ्यासमोर बसले. प्रकाशक म्हणाले, वीस वर्षं तुम्ही यांचा शब्दन् शब्द तपासलाय, यांचं वाक्य कुठे वळतं ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही, राहिलेलं तेवढं पुरं करा. पत्नी एवढंच म्हणाल्या, "त्यांच्या हातात छापलेलं पुस्तक द्या हो. आणि हे आपल्या तिघांतच राहू द्या. माझ्या डोळ्यांदेखत कुणी त्यांना हसायला नको." मी त्यांना शब्द दिला.

मी ते पुरं केलं. खोटं कशाला बोलू, करताना मला आनंद झाला. तीस वर्षं मी दुसऱ्याच्या वाक्यात विरामचिन्हं टाकली होती. आता वाक्यं माझी होती. पुस्तक आलं, कादंबरीकारांनी ते मांडीवर घेऊन दिवसभर कुरवाळलं. कंडक्टरचं कार्डही आलं. त्यावर एकच ओळ होती. "पुस्तक मिळाले." ना पान, ना ओळ, ना 'बाकी सर्व बरोबर'. मी मनाची समजूत घातली की चूक सापडली नाही म्हणूनच एवढं थोडं लिहिलं. कादंबरीकारांना मी कार्ड वाचून दाखवताना शेवटी 'सर्व बरोबर' असं माझ्या पदरचं जोडलं. ते लहान मुलासारखे खूश झाले.

मग चौदावी. ती पहिल्या शब्दापासून माझी.

तिच्यात एक प्रकरण आहे, त्याचा मला फार अभिमान होता. गिरणी बंद पडलेला एक बाप. घरात बरेच दिवस धड काही शिजलेलं नाही. एक दिवस सून कुठूनतरी बोंबील आणते, तळते, पहिला तुकडा सासऱ्याच्या ताटात वाढते. काटा त्याच्या घशात अडकतो. घरातल्यांना कळू नये म्हणून तो उठून गॅलरीत जातो आणि कठड्याला धरून, आवाज न करता मरतो. लिहिताना मी स्वतः रडलो होतो. समीक्षकांनीही ते प्रकरण उचललं. हा काटा म्हणजे गिरणगावाचा दाबलेला आवाज आहे, लेखक प्रगल्भतेच्या नव्या टप्प्यावर आहे, असं काय काय छापून आलं. मी ती कात्रणं उशाखाली ठेवून झोपत होतो.

मी जन्मापासून शाकाहारी. खोताच्या वाडीला लागूनच आमची चाळ. लहानपणापासून तळणीचा वास नाकात गेलेला, पण ताटातला मासा मी कधी नीट पाहिलेला नाही. मासा म्हटलं की काटा, एवढंच माझं ज्ञान. बोंबील मी निवडला कारण दोरीवर वाळताना पाहिले होते आणि ते गरिबांचे वाटत होते.

कंडक्टरचं कार्ड आलं. ते आजही माझ्यापाशी आहे, म्हणून जसंच्या तसं देतो. "पान ११२. तळलेल्या ओल्या बोंबलाचा काटा घशात अडकून माणूस मेला असे लिहिले आहे. बोंबलाचा काटा घशात अडकत नाही. तो मऊ असतो. आपल्याच दुसऱ्या कादंबरीतली म्हातारी, तोंडात एक दात नसताना, बोंबील काट्यासकट खाते. आपणास हे माहीत आहे. मग हे पुस्तक कोणी लिहिले?"

दुसऱ्या कादंबरीतलं ते पान मी वेगवेगळ्या आवृत्त्यांत चार वेळा तपासलं होतं. चारही वेळा ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं. म्हातारी काय खाते आहे ते पाहिलंच नव्हतं.

कार्ड हातात घेऊन मी घाबरलो, हे खरं. बिंग फुटलं तर त्या बाईंना दिलेला शब्द मोडणार होता. पण घाबरण्यापेक्षा जास्त मला राग आला. आयुष्यात पहिल्यांदा लोक माझ्या लिहिण्याला चांगलं म्हणत होते, आणि हा एक कंडक्टर बोंबील घेऊन मध्ये उभा. त्या रागात मी उत्तर लिहिलं. अक्षर नेहमी माझंच असायचं. या वेळी सहीसुद्धा मीच केली.

"आपले कार्ड मिळाले. बोंबलाला काटा असतो की नसतो, याने कादंबरीला उणेपणा येत नाही. माझे लेखन पूर्वीचेच आहे. वाचकाचे वय होते तसे त्याचे वाचनही थकते. आपले तसे झालेले दिसते. आपण आता विश्रांती घ्यावी."

पेटीत टाकलं आणि मोठं काही जिंकल्यासारखा घरी गेलो.

तीन आठवड्यांनी तो छापखान्यात आला. तेव्हा तो नुकताच निवृत्त झाला होता. खाकी नसलेल्या कपड्यांत मला एकदम लहान वाटला. काखेत पुस्तक नव्हतं. आणि तो खुर्चीत बसला. इतक्या वर्षांत मी त्याला बसलेला पाहिला नव्हता. खिशातून कार्ड काढून त्याने माझ्यापुढे ठेवलं. मीच लिहिलेलं कार्ड मी पहिल्यांदाच वाचत असल्यासारखं वाचलं.

तो म्हणाला, "तुम्ही रोज वाचता प्रूफसाहेब, म्हणून तुम्हाला विचारतो. वाचायची ताकद अशी जाते का हो माणसाची?"

तोच पुढे सांगत राहिला. आमच्या माणसाच्या तेराव्या पुस्तकापासूनच असं व्हायला लागलं. शब्द तेच, चाळ तीच, पण आत जाता येईना. मी म्हटलं, असेल, आमचा माणूस आजारी असेल. मग चौदावं घेतलं, तरी तेच. मला वाटायचं दोष पुस्तकात आहे. आता त्यांनी स्वतःच लिहून कळवलं, म्हणजे दोष माझ्यात. डोळे तपासून घेतले, डोळे बरोबर आहेत. म्हणजे बिघाड आतला. "जातं का असं? खरं सांगा."

एका वाक्याचं काम होतं. पलीकडे कंपोझिटर लोक काम करत होते. त्याला कोपऱ्यावरच्या हॉटेलात नेऊन सांगता आलं असतं. तो कुणाला बोलला नसता, हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी म्हणालो, "वयाने होतं असं."

त्याने मान हलवली. कार्ड पुन्हा खिशात ठेवलं, नीट, घडी पडणार नाही असं. जाताना दारात थांबून म्हणाला, आमच्या माणसाला माझा नमस्कार सांगा, कंडक्टर रागावला नाही म्हणावं.

नंतर तो कधी आला नाही. पंधराव्या पुस्तकाला, तेही माझंच, कार्ड आलं नाही. कादंबरीकार 'कंडक्टरचं कार्ड आलं का' विचारायचे, ती एवढी एकच आठवण त्यांच्यात उरली होती. आणि मी कोऱ्या कार्डावरून वाचून दाखवायचो, सर्व बरोबर. ते गेले. काही वर्षांनी प्रकाशक गेले, छापखान्याला टाळं लागलं. लालबागच्या वाचनालयात मी एकदा चौकशी केली. बाई म्हणाल्या, त्यांनी नाव काढून टाकलं हो, आता वाचवत नाही म्हणाले. खांबाजवळ वॉटर कूलर बसवला होता.

कादंबरीकारांच्या पत्नी गेल्यावर मी दिलेल्या शब्दातून सुटलो. तरी वर्ष काढलं. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी मनाचा हिय्या करून काळाचौकीला गेलो. पत्ता कार्डावरचाच, पण चाळीच्या जागी टॉवर होता आणि कंडक्टर एकोणिसाव्या मजल्यावर. त्याच्या मुलीने दार उघडलं. नाव सांगितल्यावर ती आत वळून म्हणाली, "पप्पा, तुमचे प्रूफसाहेब आलेत." म्हणजे घरात माझी आठवण निघत होती. त्याने मला जास्तच लाज वाटली.

तो बाल्कनीत होता. उभा, डाव्या हाताने ग्रिल धरून. उजवा हात रिकामा. मला पाहून मनापासून हसला. थकला होता, पण पाठ ताठ होती. म्हणाला, "हल्ली डबलडेकरच्या वर राहतो. लिफ्टमधली नोटीस सोडली तर काही वाचत नाही. बसा." आणि आत ओरडला, "चाय ठेव गो बाय."

मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. तेरावं अर्धं माझं, चौदावं सगळं माझं, पंधरावंही. ते कार्ड माझं. सही माझी. खुर्चीत बसून तुम्ही विचारलंत, तेव्हा जे सांगितलं तेही खोटं. तुमच्या वाचण्यात काही बिघडलं नव्हतं. सगळ्या महाराष्ट्रात तुम्ही एकट्यानेच बरोबर वाचलं होतं.

तो खाली रस्त्याकडे बघत म्हणाला, "अक्षर तुमचं आहे ते ठाऊक होतं. शब्द त्यांचे समजलो."

मी म्हटलं, मला माफ करू नका, पण समजून घ्या.

"ते राहू द्या." त्याचा आवाज जरा बदलला. "आमचा माणूस तेव्हाच गेला होता, आणि मला कुणी कळवलं नाही. मी इथे त्याच्यावर रुसून बसलो. सतरा वर्षं. आजारी होता तर जाऊन बसलो असतो. वाचून दाखवलं असतं मी त्याला, त्याचंच."

हे मला सुचलंच नव्हतं. मी त्याचं वाचन घेतलं, एवढाच माझा हिशेब होता; त्याचा माणूसही घेतला, हे त्या बाल्कनीत कळलं.

मुलगी चहा घेऊन आली. वडिलांचा चेहरा पाहून तिने काही न विचारता कप ठेवले आणि मला जेवूनच जा म्हणाली, बोंबील आणलेत. मी सवयीने म्हणालो, मी मासे खात नाही.

"ते कळलं मला," कंडक्टर म्हणाला, "पान एकशेबाराला."

मुलीला काही समजलं नाही. आम्ही दोघं मात्र हसलो. आधी तो, मग मी, आणि मला थांबता येईना.

मग तो आत गेला आणि लोखंडी कपाटातून वर्तमानपत्रात बांधलेला गठ्ठा घेऊन आला. तेरावं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. "कुठे?"

मला शोधावं लागलं नाही. पान एकशे अठ्ठावन्न, वरून सहावी ओळ. 'तिने दिवा लावला आणि ती पुन्हा दाराकडे पाहू लागली.' इथवर ते. त्यापुढे मी. त्याने बोट ठेवून ती ओळ वाचली, ओठ हलवत, दोनदा. मग पानं उलटली. एक, दोन. तिसऱ्या उलटलेल्या पानावर समासात पुसट पेन्सिलीत लिहिलेलं होतं, 'इथे उतरलो'.

त्याने मागे जात पानं मोजली. "पाच पानं तुमच्या गाडीत बसलोय म्हणजे. कळलं नाही." आणि थोड्या वेळाने म्हणाला, "तेवढी बरी चालवलीत."

माझ्या लिहिण्याबद्दल पुष्कळ छापून आलं आहे, सगळं दुसऱ्याच्या नावावर. माझ्या तोंडावर, मला उद्देशून आलेला हा एकच अभिप्राय.

त्याने मुलीकडून पेन्सिल मागवून घेतली, पुन्हा एकशे अठ्ठावन्नावर गेला आणि दिव्याच्या ओळीशेजारी, स्पष्ट अक्षरात लिहिलं, 'इथे ड्रायव्हर बदलला'. खाली तारीख टाकली. मी निघताना त्याने मला चौदाव्या पुस्तकाबद्दल काहीच विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.

गेल्या दिवाळीनंतर तो गेला. मुलीने फोन करून मला कळवलं. ती म्हणाली, पप्पांनी बजावलं होतं, प्रूफसाहेबांना कळवायचंच.

आता एक नवी प्रकाशन संस्था आमच्या कादंबरीकारांची सगळी पुस्तकं पुन्हा काढते आहे. तिथल्या संपादक बाईंनी शेवटच्या तीन पुस्तकांवर मला प्रस्तावना मागितली. मी त्यांना प्रस्तावनेऐवजी शुद्धिपत्र पाठवलं आहे. तेराव्या पुस्तकात एकशे अठ्ठावन्नाव्या पानावर रेघ मारावी, पुढच्या दोन पुस्तकांवरून त्यांचं नाव काढावं. माझं घालायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. काय झालं असं त्या विचारतील, म्हणून सोबत हे लिहिलेलं.

चौदाव्या पुस्तकाची मात्र दुरुस्त प्रत माझ्याकडे तयारच होती. फोननंतर पंधरा दिवसांनी कंडक्टरची मुलगी गिरगावात येऊन ती देऊन गेली. मी भेटून गेल्यावर तीन-चार महिने पप्पा बाल्कनीत उभे राहून हेच वाचत होते, रोज थोडं थोडं, असं म्हणाली. मी आधी एकशेबारावं पान काढलं. 'बोंबील' या शब्दावर आमच्या धंद्यात मारतात तशी सरळ काट मारून समासात 'बांगडा' लिहिलं होतं. बाकी पानं मी एकेक करून पाहिली, प्रत्येक समास, पुस्तक उजेडाकडे तिरकं धरून. 'इथे उतरलो' कुठेच नव्हतं. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात एक लहानसं गोल भोक होतं, आणि मी पान उचललं तेव्हा त्यातून निघालेली कागदाची टिकली अजून आत अडकलेली होती, ती माझ्या मांडीवर पडली.